भरतीला अडवून शेती करणारं गाव: कॅनडातलं ग्रां-प्रे

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली, तेव्हा ही यादी अनेकांनी पहिल्यांदाच नीट चाळली. त्याच यादीत २०१२ पासून एक नाव आहे: ग्रां-प्रेचा भूप्रदेश, नोवा स्कोशिया, कॅनडा. फोटो पाहिले तर ना तट, ना बुरूज, ना कोरीव काम. सपाट हिरवी शेतं, त्यांच्या कडेने गवताने झाकलेला लांबलचक मातीचा बांध आणि पलीकडे तांबूस चिखल. यात जागतिक वारसा कुठे आहे, हा प्रश्न रास्त आहे.

वारसा त्या बांधात आणि त्याच्या पोटात बसवलेल्या लाकडी झडपांमध्ये आहे. इथली शेतजमीन भरतीच्या पातळीखाली आहे. बांध नसता तर मोठ्या उधाणाला ती पाण्याखाली गेली असती. सतराव्या शतकात एका समाजाने हे बांध घातले, अठराव्या शतकात त्या समाजाला तिथून हाकलून दुसऱ्यांना वसवलं गेलं, आणि ज्यांनी शेतं घेतली त्यांना बांध राखण्याचं कामही घ्यावं लागलं. गावाचा इतिहास वाचताना राजे, तह आणि फौजा सारख्या मध्ये येतात, पण त्यामागे चालू राहिलेली गोष्ट म्हणजे बांधाची डागडुजी. म्हणून आधी जमीन आणि पाणी समजून घेऊ.

## गाव नेमकं कुठे आहे?

ग्रां-प्रे नोवा स्कोशियाच्या किंग्ज काउंटीत आहे. प्रांताची राजधानी हॅलिफॅक्स तिथून सुमारे ९० किलोमीटर. गावाच्या उत्तरेला मायनस बेसिन आहे. हा फंडीच्या उपसागराचा आत घुसलेला फाटा. पूर्वेला गॅस्परो नदी, पश्चिमेला कॉर्नवॉलिस नदी. दक्षिणेला टेकडीचा उतार, आणि उत्तरेला, अगदी मायनस बेसिनच्या तोंडावर, लाँग आयलंड नावाचा जमिनीचा बुटका उंचवटा. टेकडी आणि हा उंचवटा यांच्या मधोमध एकेकाळी विस्तीर्ण खाजण होतं. भरतीचं पाणी चढणारं, खारं गवत उगवणारं, ओहोटीला चिखलाच्या वळणावळणाच्या ओहोळांतून निचरा होणारं.

या रचनेतली सोय पाहा. उत्तरेकडून येणाऱ्या लाटा लाँग आयलंड अंगावर घेतं. म्हणजे खाजण कोरडं करायचं तर चारही बाजूंनी भिंत घालायला नको. मुख्य काम पूर्वेची आणि पश्चिमेची उघडी बाजू बंद करण्याचं. जागा निवडणाऱ्यांना हे कळलेलं होतं.

ही भूमी रिकामी नव्हती. मिगमाक लोक इथे हजारो वर्षांपासून राहतात. गॅस्परो नदीत वसंतात समुद्रातून चढणारे मासे, चिखलातले शिंपले, खाजणातले पक्षी आणि किनाऱ्यामागचं रान यांवर त्यांचं वर्षाचं चक्र चालायचं. पुढे ब्रिटिशांबरोबर त्यांचे मैत्रीचे तह झाले, पण त्यांत त्यांनी आपली जमीन कुणाला लिहून दिलेली नाही. ग्रां-प्रेचा इतिहास १६८० च्या दशकापासून सुरू करणारी माहितीपत्रकं हा भाग दोन ओळींत उरकतात. ते बरोबर नाही.

## इथली भरती एवढी मोठी का?

ग्रां-प्रेसमोर भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सरासरी ११.६ मीटरचा फरक असतो. मुंबईत मोठ्या उधाणालाही भरतीची उंची पाच मीटरच्या आसपास जाते, यावरून अंदाज येईल. मायनस बेसिनच्याच दुसऱ्या टोकाला, बर्नकोट हेड इथे, हा फरक १६ मीटरपर्यंत जातो. जगातल्या सर्वांत मोठ्या भरतींमध्ये त्याची गणना होते.

चंद्र तर सगळीकडे सारखाच आहे, मग इथेच असं का? कारण उपसागराच्या आकारात आणि खोलीत आहे. झोपाळ्याला प्रत्येक वेळी बरोबर क्षणी हलका झोका दिला तर तो उंच उंच जातो. चुकीच्या क्षणी दिला तर मंदावतो. फंडीचा उपसागर आणि त्याबाहेरचं मेनचं आखात यांतलं पाणी एकदा आत-बाहेर हिंदकळायला साधारण १३ तास लागतात. अटलांटिकची भरती दर १२ तास २५ मिनिटांनी येते. दोन्ही वेळा जवळपास जुळतात, म्हणून समुद्राचा प्रत्येक धक्का आधीच्या हिंदकळण्यात भर घालतो. त्यात उपसागर आत जाताना अरुंद आणि उथळ होत जातो, त्यामुळे पाणी आणखी चढतं.

एवढं पाणी दिवसातून दोनदा धावतं तेव्हा ते तांबड्या वालुकाश्माचे कडे आणि तळ खरवडतं. तो बारीक गाळ भरतीबरोबर खाजणात येतो, पाणी क्षणभर थबकतं तेव्हा खाली बसतो, गवताच्या मुळांत अडकतो. हजारो वर्षं हे चाललं आणि तिथे खोल, बिनदगडी, तांबूस माती साठली. पिकासाठी ती उत्तम. तिच्यात फक्त दोन दोष होते: मीठ, आणि उधाणाला वर चढणारं पाणी.

## बांध आणि उघाडी: हे तंत्र चालतं कसं?

१६८० च्या दशकात पोर्ट रॉयल या जुन्या फ्रेंच वसाहतीतून काही कुटुंबं इथे आली. पिएर मेलांसाँ आणि त्याची बायको मार्गरीत म्यूस दांत्रेमाँ ही त्यांतली पहिली समजली जातात. या फ्रेंच भाषक शेतकऱ्यांना आपण इथून पुढे अकेडियन म्हणू. त्यांच्या वाडवडिलांपैकी बरेच जण पश्चिम फ्रान्समधून आले होते. तिकडच्या किनाऱ्यावर मिठागरं आणि दलदलीतले बांध ओळखीचे होते. ते ज्ञान त्यांनी फंडीच्या भरतीला जुळवून घेतलं.

सगळी मदार एका यंत्रणेवर आहे. तिला फ्रेंचमध्ये अब्वातो म्हणतात: बांधाखालून जाणारी लाकडी नळी आणि तिच्यात एकाच दिशेने उघडणारी झडप. कोकणात खारबांधातल्या दरवाजाला उघाडी म्हणतात, तोच शब्द इथे वापरतो.

काम साधारण असं चालायचं. आधी बांधाची रेषा ठरवायची. खाजणात दोन प्रकारचं खारं गवत असतं. खालच्या पट्ट्यात, जिथे रोज पाणी येतं, तिथे उंच आणि जाड पात्यांचं. वरच्या पट्ट्यात, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोहोचतं, तिथे बारीक आणि दाट. बांध या वरच्या पट्ट्यात घालायचा. त्याचं कारण व्यवहारी आहे. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या, दिवसांत पाणी तिथवर चढत नाही, त्यामुळे सलग काही दिवस कोरड्यात काम करता येतं.

मग अरुंद, सपाट, धारदार फावड्याने गवताचे मुळांसकट विटेसारखे ठोकळे कापायचे. बारीक गवताच्या मुळांचं जाळं इतकं दाट असतं की ठोकळा हातात घेतला तरी फुटत नाही. हे ठोकळे बांधाच्या दोन्ही अंगांना थरावर थर रचायचे आणि मधल्या पोकळीत चिकणमाती ठासून भरायची. बांध तळाशी रुंद, माथ्याला अरुंद, समुद्राकडचा उतार मंद. काही महिन्यांत ठोकळ्यांमधलं गवत पुन्हा धरतं आणि मुळं शेजारच्या ठोकळ्यात घुसतात. बांध जिवंत गवतानेच शिवला जातो. इथे दगड उपलब्ध नव्हता असं नाही, पण मऊ गाळावर दगडाची भिंत खचते. मातीचा बांध जमिनीबरोबर थोडा दबतो आणि वरून भर घालून पुन्हा उंच करता येतो.

सर्वांत अवघड जागा म्हणजे ओहोळ. खाजणातलं सगळं पाणी त्यांतून आत-बाहेर करतं, म्हणून तिथे बांध घालताना पाण्याचा जोर सगळ्यात जास्त. ओहोळाच्या तळाशी आधी उघाडीची नळी बसवायची. सुरुवातीच्या नळ्या एकाच मोठ्या ओंडक्याला पोखरून, वर फळी ठोकून केलेल्या असत. पुढे जाड फळ्यांच्या पेट्या आल्या. नळीत समुद्राकडच्या भागात एक लाकडी झडप वरून टांगलेली. ती फक्त समुद्राच्या दिशेने उघडते. ओहोटीला बाहेरची पातळी खाली गेली की शेतातलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती चढू लागली की समुद्राचं पाणीच झडपेला मागे दाबून बसवतं आणि आत येण्याची वाट बंद होते. दोर ओढायला, चाक फिरवायला माणूस लागत नाही. नळी बसली की झुडपं, ठोकळे, चिकणमाती टाकून ओहोळ बुजवायचा, आणि हे सगळं दोन भरतींच्या मधल्या काही तासांत. त्या दिवशी अख्खं गाव कामाला लागल्याशिवाय ते होणं शक्य नव्हतं. एकट्या शेतकऱ्याला इथे शेत तयार करताच आलं नसतं. अकेडियन गावांत नातेसंबंध आणि सामुदायिक श्रम इतके घट्ट का होते, याचं एक मोठं कारण या ओहोळांत आहे.

लाकूड कुजत नसे का? झडप झिजायची, बदलावी लागायची. पण नळी कायम ओल्या, हवा न पोहोचणाऱ्या गाळात गाडलेली असल्याने फार टिकते. शतकांपूर्वीच्या उघाड्यांचे लाकडी अवशेष फंडीच्या किनाऱ्यावर आजही चिखलातून निघतात.

बांध पुरा झाला म्हणजे लगेच पेरणी नाही. मातीतलं मीठ जायला दोन ते तीन वर्षं लागतात. पाऊस आणि वितळणारा बर्फ मिठाला खाली आणि बाजूला नेतो, म्हणून शेतात ठरावीक अंतरावर चर खणायचे आणि दोन चरांमधली जमीन मधोमध किंचित उंच ठेवायची, म्हणजे पाणी साचत नाही. चर नीट नसतील तर मीठ विरघळतं, पण तिथेच राहतं. खारं गवत मरून गोड्या पाण्याचं गवत उगवू लागलं की जमीन तयार होत आली, अशी ती खूण. त्यानंतर गहू, ओट, वाटाणा, जवस आणि गुरांसाठी भरपूर चारा. उरलेलं धान्य आणि गुरं न्यू इंग्लंडला, म्हणजे दक्षिणेकडच्या ब्रिटिश वसाहतींना, आणि पुढे लुइसबर्गच्या फ्रेंच किल्ल्याकडे विकली जात.

## जंगल तोडून शेती का नाही केली?

हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. बाहेरून आलेल्या काही अधिकाऱ्यांनी अकेडियनांना आळशी ठरवलं, कारण ते जंगल साफ करत नव्हते. पण हिशेब मांडून पाहा. टेकडीवरची माती पातळ, आम्लधर्मी आणि दगडाळ. झाडं तोडायची, खोडं उपटायची, आणि काही पिकांनंतर खताशिवाय जमीन थकते. खाजणात एकही झाड नाही, एक दगड नाही, आणि एकदा बांधलेली जमीन पिढ्यान्‌पिढ्या पिकते. श्रम इथेही प्रचंड होते, फक्त ते कुऱ्हाडीचे नव्हते, फावड्याचे होते.

याचा दुसराही परिणाम झाला. मिगमाकांची शिकारीची राने बऱ्याच अंशी शाबूत राहिली. खाजण त्यांच्याही उपयोगाचं होतं, तेव्हा काहीच हिरावलं गेलं नाही असं म्हणता येणार नाही. तरी जंगल साफ करत सुटलेल्या वसाहतींच्या तुलनेत इथले संबंध पुष्कळ सलोख्याचे राहिले, व्यापार झाला, लग्नंही झाली.

## हॉलंडमध्येही असंच आहे ना? आणि कोकणात?

हॉलंडशी तुलना सहज सुचते, पण एक फरक मूलभूत आहे. तिथे आतलं पाणी उपसून काढावं लागतं. आधी पवनचक्क्या, आता पंप. ग्रां-प्रेला पंप लागला नाही, कारण ओहोटीला समुद्र इतका खाली जातो की शेतातलं पाणी आपल्या वजनानेच बाहेर पडतं. भरती मोठी म्हणून बांध लागतो, आणि भरती मोठी म्हणूनच ओहोटी खोल जाऊन निचरा फुकटात होतो.

जवळचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. रायगडमधल्या पेण-अलिबागच्या खारेपाटातली खारबंदिस्ती आणि गोव्यातली खाजन शेती याच तत्त्वावर चालते. गोव्यात झडपांच्या दरवाजाला मानस म्हणतात. फरक हवामानाचा. कोकणात पाऊस चार महिन्यांत कोसळतो, मीठ झपाट्याने धुऊन नेतो आणि त्या अवधीत भात काढायचा. उन्हाळ्यात जमीन तापली की खालचं मीठ पुन्हा वर चढतं. म्हणून खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती लागतात आणि पनवेलला त्यासाठी संशोधन केंद्र आहे. नोवा स्कोशियात पाऊस आणि बर्फ वर्षभर विभागून पडतो, कडक उन्हाळा नाही, त्यामुळे एकदा गेलेलं मीठ सहसा परतत नाही. परततं ते बांध फुटल्यावर.

## १७५५ मध्ये काय झालं?

इथवर आलो की उरलेला इतिहास समजायला सोपा जातो.

१७१३ च्या युट्रेक्टच्या तहाने अकेडिया या फ्रेंच वसाहतीचा हा भाग फ्रान्सकडून ब्रिटनकडे गेला. शेतकरी तिथेच राहिले. ब्रिटिशांनी त्यांच्याकडे राजनिष्ठेची शपथ मागितली. अकेडियनांची अट होती की फ्रान्स किंवा मिगमाकांविरुद्ध आम्हाला शस्त्र धरायला लावू नये. १७३० मध्ये गव्हर्नर रिचर्ड फिलिप्सने तोंडी ही मुभा मान्य करून त्यांच्याकडून शपथ घेतली आणि गाडं पुढे ढकललं. पंचवीस वर्षं हे ‘तटस्थ फ्रेंच’ शेती करत राहिले.

पण दोन साम्राज्यांच्या मध्ये सुपीक जमिनीवर तटस्थ राहणं अवघड असतं. बांध ही इथली नाजूक जागा आहे, हे फौजांना चांगलं ठाऊक होतं. १७०४ मध्येच न्यू इंग्लंडहून आलेल्या बेंजामिन चर्चच्या तुकडीने गाव जाळलं आणि बांध फोडून शेतांत समुद्र सोडला होता. फेब्रुवारी १७४७ मध्ये बर्फाच्या वादळात फ्रेंच आणि त्यांच्या मिगमाक साथीदारांनी गावात मुक्कामाला असलेल्या न्यू इंग्लंडच्या सैनिकांवर छापा घातला. १७४९ मध्ये ब्रिटिशांनी हॅलिफॅक्स वसवलं आणि पकड आवळली. १७५५ च्या उन्हाळ्यात लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्सने बिनशर्त शपथ मागितली, ती नाकारली गेली आणि सगळ्यांना हद्दपार करण्याचा निर्णय झाला.

५ सप्टेंबर १७५५ रोजी दुपारी तीन वाजता ग्रां-प्रेच्या चर्चमध्ये पुरुष आणि मोठ्या मुलांना बोलावलं गेलं. ४१८ जण आले. लेफ्टनंट कर्नल जॉन विन्स्लोने हुकूम वाचून दाखवला: जमीन, घरं, गुरं सरकारजमा, कुटुंबांसह सर्वांना इथून हलवलं जाईल. नेता येईल ते पैसे आणि सामान एवढीच मुभा. ऑक्टोबरमध्ये जहाजं भरली. ग्रां-प्रे आणि आसपासच्या मायनस वस्त्यांतून सुमारे २,२०० माणसं गेली. त्यांना मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, व्हर्जिनिया अशा वेगवेगळ्या वसाहतींत मुद्दाम विखरून टाकलं, म्हणजे पुन्हा एकत्र येता येऊ नये. मागे घरं आणि कोठारं जाळली. १७६३ पर्यंत संपूर्ण अकेडियातून दहा हजारांहून अधिक लोक हद्दपार झाले. जहाजांत, रोगांत, उपासमारीत हजारो गेले. काही पळून जंगलात मिगमाकांच्या आसऱ्याला राहिले. काही कालांतराने लुइझियानात पोहोचले; तिथला केजन समाज त्यांचाच.

काही अकेडियन खरंच फ्रेंचांच्या बाजूने लढले होते, मग ब्रिटिशांचा संशय खोटा होता का? लढणारे होते. पण हद्दपारी लढणाऱ्यांची झाली नाही. तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांची झाली, आणि त्यांची जमीन कुणाला द्यायची हा विचारही त्याच सुमारास सुरू होता. ऑक्टोबर १७५८ मध्ये लॉरेन्सने न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांसाठी जाहीरनामा काढला. कसलेली, पिकती जमीन तयार आहे, या. २००३ मध्ये ब्रिटिश राजसत्तेच्या नावाने निघालेल्या जाहीरनाम्यात अकेडियनांवर ओढवलेल्या यातना औपचारिकपणे मान्य केल्या गेल्या आणि २८ जुलै हा स्मरणदिन ठरला.

## नवे मालक आले, पण बांध?

नोव्हेंबर १७५९ मध्ये मोठं वादळ उधाणाबरोबर जुळून आलं. चार वर्षं डागडुजी न झालेले बांध अनेक ठिकाणी फुटले. जून १७६० मध्ये न्यू इंग्लंडमधल्या कनेक्टिकटहून नवे रहिवासी ग्रां-प्रेजवळच्या हॉर्टन लँडिंगला उतरले. त्यांना प्लांटर म्हणतात, म्हणजे नव्या जमिनीवर वस्ती रोवणारे. जाहिरातीत वाचलेल्या ‘तयार’ शेतांत समुद्राचं पाणी खेळत होतं.

हे लोक चांगले शेतकरी होते, पण डोंगरउताराच्या शेतीतले. उघाडी कशी बसवायची, ओहोळ कुठे बुजवायचा, कोणतं गवत कापायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते माहीत असलेली माणसं जवळच्या किल्ल्यांत कैदेत होती. म्हणून अकेडियन कैद्यांना मजुरीवर आणून बांध दुरुस्त करून घेतले गेले. आपल्याच आजोबांनी घातलेला बांध दुसऱ्याच्या शेतासाठी दुरुस्त करायचा, ही त्या माणसांवर आलेली वेळ. हे तपशील स्मारकांवर फारसे दिसत नाहीत, पण ग्रां-प्रेच्या इतिहासात मला याहून महत्त्वाची गोष्ट दिसत नाही.

प्लांटरांनी जमीन हिश्श्यांत वाटली. एका हिश्श्यात एकच सलग शेत नसे. थोडी बांधातली जमीन, थोडी टेकडीवरची, थोडं रान, आणि गावठाणात एक जागा, असा तो विखुरलेला असे. त्यामुळे जवळपास प्रत्येक घराचा बांधाशी संबंध आला. पहिल्या काही वर्षांतच बांधाच्या देखभालीसाठी कायदा झाला: कामावर देखरेख करणारे अधिकारी नेमायचे आणि ज्याची जितकी जमीन बांधाआड, त्याच्याकडून तितक्या प्रमाणात श्रम किंवा पैसा घ्यायचा. बांधाआडच्या जमीनमालकांची संघटना, ग्रां-प्रे मार्श बॉडी, आजही आहे, दरवर्षी बैठक घेते. १८६९ च्या ऑक्टोबरमध्ये सॅक्स्बी वादळाने पुन्हा बांध ओलांडले, तेव्हा मीठ काढण्याचं दोन-तीन वर्षांचं चक्र नव्याने सुरू करावं लागलं. विसाव्या शतकात मजुरी महागली, युद्धं झाली, बांध खचत गेले. १९४८ मध्ये केंद्र सरकारने खास यंत्रणा उभी करून फंडीकाठचे बांध यंत्रांनी पुन्हा बांधले. नंतर ती जबाबदारी प्रांताकडे आली. आज नोवा स्कोशियाच्या कृषी खात्याकडे २४१ किलोमीटर बांध आहेत आणि त्यांच्या आड सुमारे १७,४०० हेक्टर जमीन.

## घरं बांधाआड का नाहीत?

गावात फिरताना एक गोष्ट लगेच जाणवते: जुनी घरं, चर्च, रस्ता सगळं टेकडीच्या पायथ्याला, खाजणाच्या कडेने ओळीने आहे. सपाट जमिनीवर जवळपास कुणी राहत नाही. अकेडियनही असेच राहायचे. बांध कधीतरी फुटणारच, हे धरून वस्तीची जागा निवडलेली होती. एक पीक बुडालं तर माणूस सावरतो, घर बुडालं तर अवघड. आता खाजण जमिनीवर बांधकामासाठी कायद्याने परवानगी लागते, पण त्याआधीच्या लोकांना नियमाशिवाय ते समजत होतं.

हेच गाव कॅनडाचे पंतप्रधान रॉबर्ट बोर्डन यांचं जन्मगाव (१८५४). एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लांटरांच्या वंशजांनी बांधलेलं लाकडी कव्हेनंटर चर्च अजून उभं आहे. अकेडियन चर्चच्या जागी १९२२ मध्ये स्मारक चर्च झालं. ती जागा त्याआधी जॉन फ्रेडरिक हर्बिन यांनी १९०७ मध्ये विकत घेऊन राखली होती. त्यांची आई अकेडियन होती. आणि जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये बांधापलीकडच्या चिखलावर हजारो छोटे किनारपक्षी उतरतात. चिखलातले बारीक झिंगे खाऊन वजन जवळपास दुप्पट करतात आणि तिथून थेट दक्षिण अमेरिकेकडे झेपावतात.

## बांध बिघडतो कसा?

बांध फुटण्याआधी बहुधा खुणा दिसतात, आणि बहुतेक वेळा सुरुवात उघाडीपाशी होते. ओंडका किंवा बर्फाचा तुकडा झडपेत अडकला की ती पूर्ण बसत नाही आणि प्रत्येक भरतीला खारं पाणी आत शिरतं. बाहेरच्या चरात गाळ साठला तर उलट त्रास: झडप उघडत नाही, शेतात पाणी तुंबतं. सर्वांत धोकादायक म्हणजे नळीच्या बाहेरच्या अंगाने पाझर लागणं. माती थोडी थोडी वाहून जाते, वरून बांध धडधाकट दिसतो आणि एका उधाणात तिथेच खांड पडते. म्हणून नळीभोवतीची चिकणमाती ठासून भरणं हे उघाडीच्या कामातलं कळीचं काम. आता नळ्या प्लॅस्टिकच्या किंवा काँक्रीटच्या असतात, पण हा धोका तसाच आहे.

बांधाच्या अंगात उंदीरवर्गीय प्राणी बिळं करतात. झाड वाढू दिलं तर त्याची मुळं मेल्यावर पोकळ्या राहतात, म्हणून बांधावर फक्त गवत ठेवतात आणि ते वेळच्या वेळी कापतात. हिवाळ्यात बर्फाचे ठोकळे समुद्राकडचा उतार खरवडतात. बांधासमोरचं खाजण शाबूत असेल तर लाटांचा जोर तिथेच मोडतो. ते झिजून गेलं की लाट थेट पायथ्यावर आदळते आणि मग दगडांचं अस्तर घालावं लागतं, जे महाग असतं.

## समुद्र चढतोय, मग हे सोडून का देत नाहीत?

हा आजचा खरा प्रश्न आहे. हिमयुगानंतरच्या हालचालींमुळे इथली जमीन संथपणे खचते आहे आणि समुद्र वर येतो आहे. दोन्ही एकाच दिशेला काम करतात. त्यात एक गुंतागुंत अशी की बांधाबाहेरच्या खाजणात गाळ बसत राहतो आणि ते समुद्राबरोबर उंच होतं. आतल्या शेताला, बांध फुटले ते प्रसंग सोडले तर, जवळपास साडेतीनशे वर्षांत गाळ मिळालेला नाही. म्हणून बाहेरची जमीन वर आणि शेत खाली, हे अंतर वाढत चाललं आहे. फंडीत सर्वांत मोठ्या भरतींचं सुमारे १८ वर्षांचं चक्रही असतं, तेव्हा काही वर्षं शांत गेली म्हणून बांध पुरेसा उंच आहे असा निष्कर्ष काढणं घातक ठरतं. मोठं उधाण आणि वादळ एकाच दिवशी आलं की कसोटी लागते. १७५९ आणि १८६९ मध्ये ती लागली.

मार्ग दोन आहेत. बांध उंच आणि रुंद करणं, किंवा बांध मागे घेऊन काही शेत समुद्राला परत देणं. दुसरा मार्ग अविचारी नाही. नोवा स्कोशियातच ट्रुरोजवळ तो अवलंबला आहे: जिथे बांध वारंवार अडचणीत येत होता तिथे तो मागे नवा बांधला, जुना फोडला आणि मधल्या जागेत खाजण पुन्हा धरू दिलं. तिथे पुराच्या पाण्याला पसरायला जागा मिळाली. जिथे बांधाआड थोडी पडीक जमीन आहे आणि समोरचं खाजण नाहीसं झालं आहे, तिथे हेच करावं असं माझंही मत आहे.

ग्रां-प्रेचं गणित वेगळं आहे. इथली जमीन अजून रोजच्या कसणुकीत आहे. चारा, मका, धान्य निघतं. लाँग आयलंडमुळे थोड्या लांबीच्या बांधाआड मोठं क्षेत्र राखलं जातं, म्हणजे दर हेक्टरी खर्च कमी पडतो. शिवाय वारसा यादीतली नोंद नुसत्या अवशेषांसाठी नाही, चालू शेतीसाठीही आहे. बांध सोडला तर नोंदीतला मुख्य विषयच जाईल. माथा उंच करायचा तर तळही त्या प्रमाणात रुंद करावा लागतो, आणि ती जादा जागा शेताच्या बाजूने घेतली तर शेतकऱ्याचे चर हलवावे लागतात, समुद्राच्या बाजूने घेतली तर संरक्षण देणारं खाजण कमी होतं. त्यामुळे बांधाची उंची ठरवताना भरतीचे अंदाज जितके बारकाईने पाहायचे, तितक्याच बारकाईने प्रत्येक उघाडीची नळी नव्या रुंदीला पुरेल का तेही आधी मोजायचं.